दर हर्ट्झला किती बिट? हा प्रश्न अर्धाच आहे

डिजिटल मॉड्युलेशनचं, म्हणजे बिट लाटेवर चढवण्याच्या पद्धतींचं, कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे पद्धतींची नावं: बीपीएसके, क्यूपीएसके, ८-पीएसके, १६-क्वाम, एमएसके. उजवीकडे प्रत्येक पद्धत दर हर्ट्झमागे सेकंदाला किती बिट पाठवते तो आकडा. परीक्षेपुरता तो पाठ होतो आणि विषय संपल्यासारखा वाटतो. माझी तक्रार एवढीच, की ही बँडविड्थ, म्हणजे सिग्नलला लागणाऱ्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याची रुंदी, कशाच्या मोबदल्यात वाचली ते त्या तक्त्यात कुठेच नसतं. कधी जास्त शक्ती खर्चून, कधी महागडा ॲम्प्लिफायर लावून, आणि पुष्कळदा रिसीव्हरच्या डोक्यावर काम टाकून ती वाचवलेली असते. म्हणून इथे तुलना उलट्या टोकाने करू. सिग्नल ओळखणाऱ्याला काय काय करावं लागतं, ते आधी पाहू.

अगदी मुळापासून सांगायचं तर माहिती म्हणजे शून्य आणि एकची रांग, आणि हवेतून किंवा तारेतून जाते ती लाट. लाटेत बदलण्यासारख्या गोष्टी तीनच: उंची, फ्रिक्वेन्सी आणि फेज, म्हणजे लाट आपल्या चक्रात कुठे आहे ते. ठरावीक काळापुरतं लाटेला एक रूप द्यायचं, मग पुढच्या तेवढ्याच काळापुरतं दुसरं. या प्रत्येक रूपाला सिम्बॉल म्हणतात. रूपं दोनच असली तर एका सिम्बॉलमध्ये एक बिट मावतो, चार असली तर दोन, सोळा असली तर चार.

सिम्बॉल किती भराभर पाठवता येतात यावर बंधन आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ते दाखवलं. कॅरिअर, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या, लाटेवर चढवलेल्या सिग्नलसाठी त्याचा अर्थ असा: जेवढे हर्ट्झ रुंद पट्टा, तेवढेच सिम्बॉल सेकंदाला, एकमेकांत न मिसळता. हेही आदर्श परिस्थितीत. प्रत्यक्षातले फिल्टर कडेला इतके धारदार नसतात, म्हणून थोडी जास्तीची जागा सोडावी लागते. तिला रोल-ऑफ म्हणतात. तिसऱ्या पिढीच्या डब्ल्यूसीडीएमए मोबाइलमध्ये हा रोल-ऑफ ०.२२ होता. सेकंदाला ३८.४ लाख चिप (तिथले छोटे सिम्बॉल) पाठवायच्या तर सुमारे ४.७ मेगाहर्ट्झ लागायचे, आणि ते ५ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये बसवलेले असायचे.

मग बँडविड्थ वाचवायचे रस्ते दोन उरतात. एक, प्रत्येक सिम्बॉलमध्ये जास्त बिट कोंबायचे. दोन, लाटेचा आकारच असा गुळगुळीत ठेवायचा की शेजारच्या चॅनेलमध्ये काही सांडू नये. पीएसके (फक्त फेज बदलणारी) आणि क्वाम (फेज आणि उंची दोन्ही बदलणारी) पहिल्या रस्त्यावरच्या, एमएसके आणि जीएमएसके (फेज सलग वळवणाऱ्या) दुसऱ्या.

आता रिसीव्हरकडे येऊ. त्याच्याकडे येणाऱ्या लाटेत नॉइज, म्हणजे नकोसा गोंगाट, मिसळलेला असतो. तो ही लाट दोन संदर्भ-लाटांशी ताडून पाहतो. या दोन लाटांच्या फेजमध्ये ९० अंशांचा फरक असतो. एका सिम्बॉलच्या काळातली सगळी ऊर्जा गोळा करून तो दोन आकडे काढतो. हे काम करणाऱ्या मॅच्ड फिल्टरची कल्पना डी. ओ. नॉर्थ यांनी १९४३ मध्ये मांडली, तीही रडारसाठी. या दोन आकड्यांना आलेखावरचा एक बिंदू समजा. पाठवणाऱ्याने ठरवलेले आदर्श बिंदू आधीच माहीत आहेत. त्यांच्या मांडणीला कॉन्स्टेलेशन म्हणतात. आलेला बिंदू नॉइजमुळे थोडा सरकलेला असतो, आणि रिसीव्हर त्याला सगळ्यांत जवळच्या आदर्श बिंदूत मोजतो. सगळे सिम्बॉल सारख्याच शक्यतेचे असले आणि नॉइज गॉसियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या आलेखाप्रमाणे पसरलेला, असला, तर सुट्या सिम्बॉलसाठी याहून चांगला निर्णय गणिताने शक्यच नाही. त्यामुळे एवढा गहन वाटणारा विषय एकदम भूमितीवर येतो: बिंदू एकमेकांपासून किती दूर आहेत?

बीपीएसकेमध्ये दोनच बिंदू, समोरासमोर. लाखात एक बिट चुकलेला चालेल असं ठरवलं, तर प्रत्येक बिटाची ऊर्जा नॉइजच्या घनतेपेक्षा, म्हणजे दर हर्ट्झमागच्या नॉइजच्या शक्तीपेक्षा, ९.६ डेसिबल जास्त लागते (३ डेसिबल म्हणजे साधारण दुप्पट). पुढचे सगळे आकडे याच लाखात एक चुकीच्या अटीवरचे आहेत. क्यूपीएसकेमध्ये बिंदू चार, बिट दोन, म्हणजे बँडविड्थ निम्मी. आणि ऊर्जा? तीच, ९.६ डेसिबल. कारण क्यूपीएसके म्हणजे एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन स्वतंत्र बीपीएसके. एकीचा दुसरीला पत्ताही नसतो. या क्षेत्रात निखळ फुकट मिळालेली गोष्ट बहुधा ही एकच.

यापुढे प्रत्येक पायरीला पैसे पडतात. ८-पीएसकेला सुमारे १३ डेसिबल लागतात आणि १६-पीएसकेला साडेसतराच्या आसपास, कारण एकाच वर्तुळाच्या परिघावर बिंदूंची दाटी होत जाते आणि वर्तुळाच्या आतली जागा रिकामीच राहते. क्वाममध्ये फेजबरोबर उंचीही बदलतात आणि बिंदू चौकोनी जाळीत पसरतात. १६-क्वामला १३.४ डेसिबल पुरतात. खरी गंमत पुढे आहे. ६४-क्वामला १७.८ डेसिबल लागतात, म्हणजे जवळपास १६-पीएसकेएवढेच, आणि त्या ऊर्जेत एका सिम्बॉलमागे चाराऐवजी सहा बिट जातात. १६-पीएसके प्रत्यक्षात क्वचितच का दिसते, याचं उत्तर एवढ्यात आलं. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये एकाच बिटाचा फरक राहील अशी नावं बिंदूंना देतात. हा ग्रे कोड. त्यामुळे निर्णय चुकला तरी बहुतेक वेळा एकच बिट बिघडतो.

जाळी बारीक करत गेलं की मात्र हिशेब झपाट्याने फिरतो. सिम्बॉलमागे दोन बिट वाढवायचे तर सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर सुमारे ६ डेसिबलने, म्हणजे चौपटीने, सुधारावं लागतं. वाय-फाय ६ मध्ये १०२४-क्वाम होतं, वाय-फाय ७ मध्ये ४०९६-क्वाम आलं. ऐकायला चौपट वाटतं. प्रत्यक्षात सिम्बॉलमागे १० बिटांचे १२ झाले, म्हणजे वेग २० टक्क्यांनी वाढला, आणि चौपट स्वच्छ सिग्नलची गरज लागली. राउटरच्या अगदी जवळ बसलेल्यालाच त्याचा लाभ होणार. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये जी अंतिम मर्यादा सांगितली तीही हेच बजावते: नॉइज आधीच कमी असेल, तर दर हर्ट्झला प्रत्येक जास्तीच्या बिटासाठी शक्ती जवळपास दुप्पट करावी लागते. यातून पळवाट नाही.

इथवरचं सगळं कागदावरचं, कारण लाट ॲम्प्लिफायरमधून कशी जाते ते अजून विचारलेलंच नाही. क्यूपीएसकेमध्ये फेज कधी कधी एकदम १८० अंशांनी उलटते. फिल्टर केलेली लाट त्या क्षणी शून्याजवळून जाते, म्हणजे तिची उंची सारखी वरखाली होत असते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीच्या टोकाला चालवणं फायद्याचं असतं, पण तिथे तो सरळ वागत नाही. उंच भाग दाबतो. आणि लाट अशी दाबली गेली की फिल्टरने मेहनतीने कापलेली कडेची ऊर्जा पुन्हा उगवते. पाठ्यपुस्तकातला बँडविड्थचा आकडा ॲन्टेनापर्यंत पोहोचतच नाही.

यावर उपाय निघाले. ओक्यूपीएसकेमध्ये दोन काटकोनी भागांपैकी एक अर्ध्या सिम्बॉलने उशिरा पाठवतात. मग दोन्ही एकाच वेळी उलटत नाहीत आणि उडी ९० अंशांवर थांबते. पाय-बाय-फोर डीक्यूपीएसके मधला मार्ग काढते: उडी जास्तीत जास्त १३५ अंश. पोलीस आणि आपत्कालीन सेवांसाठी वापरली जाणारी टेट्रा ही रेडिओ यंत्रणा याच पद्धतीने २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलमधून सेकंदाला ३६ किलोबिट पाठवते.

एमएसके आणखी पुढे जाते. तिच्यात उडीच नाही. फेज सलग वळत राहते, बिट एक असेल तर एका दिशेला आणि शून्य असेल तर दुसऱ्या, एका बिटामागे बरोबर ९० अंश. लाटेची उंची कायम तीच, त्यामुळे ॲम्प्लिफायरला कितीही ताणा. दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर बिट-वेगाच्या निम्मं. एकमेकींपासून स्वच्छ वेगळं ओळखता येईल असं हे सगळ्यांत कमी अंतर.

मग एमएसके बँडविड्थमध्ये क्यूपीएसकेपेक्षा चांगली की वाईट? उत्तर तुम्ही काय मोजता त्यावर आहे, आणि इथेच पुष्कळ तुलना घसरतात. फक्त मधला मुख्य उंचवटा मोजला तर एमएसके दीडपट रुंद, म्हणजे हरली. पण ९९ टक्के शक्ती किती पट्ट्यात मावते हे विचारलं, तर एमएसकेला बिट-वेगाच्या सुमारे १.२ पट जागा पुरते आणि फिल्टर न लावलेल्या क्यूपीएसकेला जवळपास १० पट लागते. शेजारच्या चॅनेलवर बोलणाऱ्या माणसाला दुसरा आकडा महत्त्वाचा. बँडविड्थ कशी मोजली हे न सांगता कोणी दर हर्ट्झ बिटांचा आकडा फेकला, तर त्याच्यावर विसंबू नये.

एमएसकेची ओळख पटवण्यातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. एकच लाट, दोन रिसीव्हर. पहिला एकेक बिट सुटा घेतो आणि फक्त विचारतो, ही वरची फ्रिक्वेन्सी की खालची? त्याला १२.६ डेसिबल लागतात. दुसरा हे ओळखतो की फेज सलग असल्यामुळे मागच्या बिटाची खूण पुढच्या बिटात उरलेली आहे, आणि दोन बिटांचा काळ मिळून निर्णय घेतो. त्याचं ९.६ वर भागतं, अगदी बीपीएसकेसारखं. तीन डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती, केवळ मागचं लक्षात ठेवल्यामुळे वाचली. पाठवणाऱ्याने काहीच बदललं नाही.

हीच युक्ती जीएमएसकेने टोकाला नेली. मुरोता आणि हिराडे या जपानी अभियंत्यांनी १९८१ मध्ये सुचवलेल्या या पद्धतीत बिट आधी गॉसियन फिल्टरमधून जातात. वळणं आणखी गोलसर होतात आणि कडेची सांडलवंड आणखी कमी होते. दुसऱ्या पिढीच्या जीएसएम मोबाइलने हीच पद्धत घेतली: २०० किलोहर्ट्झमध्ये सेकंदाला २७०.८३३ किलोबिट, म्हणजे दर हर्ट्झला १.३५ बिट. पण त्या फिल्टरने प्रत्येक बिट पसरून शेजारच्या बिटांच्या काळात घुसतो. नायक्विस्ट यांनी ज्या सरमिसळीपासून सुटका सांगितली, ती इथे जाणूनबुजून ओढवून घेतली आहे. निस्तरायचं कोणी? रिसीव्हरने.

त्यात शहरातल्या इमारतींवरून आणि डोंगरांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या प्रती भर घालतात. जीएसएमचा एक बिट ३.६९ मायक्रोसेकंदांचा असतो, आणि परावर्तित प्रत त्याच्या काही पट उशिरा येऊ शकते. अशा वेळी एकेका बिटाचा निर्णय सुटा घेण्यात अर्थ उरत नाही. बिंदू कुठे पडला हे त्या बिटावर आणि आधीच्या तीन-चार बिटांवर मिळून ठरतं. म्हणून रिसीव्हर अख्ख्या रांगेचा विचार करतो: कोणती रांग पाठवली असती तर आत्ता आलं तसं काही यायची शक्यता सगळ्यांत जास्त होती?

जीएसएमच्या एका बर्स्टमध्ये, म्हणजे एका दमात पाठवलेल्या तुकड्यात, माहितीचे ११४ बिट असतात, ५७ अलीकडे आणि ५७ पलीकडे. सगळ्या रांगा तपासायच्या म्हटलं तर २ चा ११४ वा घात, म्हणजे ३५ आकडी संख्या. ते अशक्य. पण अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये कोड उलगडण्यासाठी जी रीत काढली, तीच इथे चालते हे जी. डेव्हिड फोर्नी यांनी १९७२ मध्ये दाखवलं. आधीच्या चार बिटांपर्यंतच परिणाम पोहोचतो असं धरा. मग कोणत्याही क्षणी वेगळ्या स्थिती फक्त १६, कारण चार बिटांचे १६ प्रकार. प्रत्येक स्थितीत पोहोचायचे दोनच रस्ते असतात. दोन्हींचा आतापर्यंतचा ताळमेळ पाहायचा, जो कमी जुळतो तो कायमचा सोडून द्यायचा. सोडलेला रस्ता पुढे कधी जिंकूच शकत नाही, कारण इथून पुढचा प्रवास दोघांनाही सारखाच आहे. असं बिटागणिक करत शेवटाला आलं की एकच रांग उरते, आणि ती सगळ्या प्रचंड संख्येतली सर्वोत्तम असते. मला ही संपूर्ण दूरसंचार शास्त्रातली सगळ्यांत देखणी कल्पना वाटते. वाट कशी वाकली आहे हे कळावं म्हणून बर्स्टच्या मधोमध आधीच माहीत असलेले २६ बिट पाठवतात. ते कसे बिघडून आले त्यावरून रिसीव्हर वाटेचा अंदाज बांधतो. फिल्टरने केलेली सरमिसळ आणि इमारतींनी केलेली सरमिसळ, दोन्ही एकाच यंत्रणेत निकालात निघतात.

पुढे त्याच २०० किलोहर्ट्झमध्ये वेग वाढवायची वेळ आली तेव्हा एज या जीएसएमच्याच सुधारित तंत्राने सिम्बॉल-वेग तोच ठेवला आणि ८-पीएसके आणलं, म्हणजे सिम्बॉलमागे तीन बिट. दर सिम्बॉलला सगळं कॉन्स्टेलेशन थोडं फिरवत नेलं, जेणेकरून लाट शून्यातून जाऊ नये आणि ॲम्प्लिफायर वाचावा. तक्त्यात एवढंच दिसेल की कार्यक्षमता तिप्पट झाली. रिसीव्हरकडून पाहा: चार सिम्बॉलांच्या स्मृतीसाठी पूर्वी १६ स्थिती पुरत होत्या, आता ८ चा चौथा घात, म्हणजे ४०९६. एवढं जमणं कठीण, म्हणून काही स्थिती एकत्र करणाऱ्या आणि आधीच्या निर्णयांवर भिस्त ठेवणाऱ्या तडजोडीच्या रीती वापराव्या लागल्या.

आणखी एक खर्च आतापर्यंत गृहीत धरला होता: रिसीव्हरला कॅरिअरची फेज नेमकी माहीत आहे, हा. ती आयती मिळत नाही. जॉन कोस्टास यांनी १९५६ मध्ये वर्णन केलेल्या लूपसारखी व्यवस्था ती शोधून काढते, पण तिलाही बीपीएसकेमध्ये ० आणि १८० अंशांतला फरक कळत नाही; सगळे बिट उलटे वाचले जाण्याचा धोका राहतो. म्हणून माहिती फेजमध्ये न ठेवता फेजच्या बदलात ठेवतात. त्यात पुढे जाऊन फेज शोधायचंच सोडून दिलं आणि प्रत्येक सिम्बॉल मागच्याशी ताडला, तर दोन बिंदूंच्या डीपीएसकेला १०.३ डेसिबल लागतात. तोटा पाऊण डेसिबलहून कमी, आणि सर्किट कितीतरी सोपं. चार बिंदूंच्या डीक्यूपीएसकेत मात्र सुमारे २.३ डेसिबल जातात, कारण आता तुलना ज्याच्याशी करायची तोही नॉइजने मळलेला आहे आणि मधलं अंतर आधीच कमी. फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या साध्या एफएसकेला फेज न पाहता ओळखलं, तर १३.४ डेसिबल लागतात.

ब्लूटूथचा इतिहास या देवघेवीचा छान नमुना आहे. सुरुवातीला जीएफएसके, म्हणजे गॉसियन फिल्टर लावलेलं एफएसके, घेतलं, सेकंदाला १ मेगाबिट, कारण स्वस्त चिपला फेजच्या भानगडीत पडायचं नव्हतं. नंतर त्याच सिम्बॉल-वेगात पाय-बाय-फोर डीक्यूपीएसके आणून २ मेगाबिट केलं आणि ८-डीपीएसके आणून ३. पण पाकिटाचा सुरुवातीचा भाग, म्हणजे ओळख आणि शीर्षक, अजूनही जीएफएसकेमध्येच जातो. ते सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.

आजचा रिसीव्हर बहुतेक वेळा निर्णय देतच नाही. हा बिट एक असण्याची शक्यता शून्याच्या किती पट, एवढं तो सांगतो आणि पुढच्या चूक-दुरुस्तीच्या कोडवर सोपवतो. काठावरचा बिंदू घाईने कुठल्यातरी बाजूला ढकलण्यापेक्षा त्याचा काठावरपणा पुढे कळवला, तर साधारण २ डेसिबल वाचतात. गॉटफ्रीड उंगरबोक यांनी १९८२ मध्ये यावरच एक उलटं वाटणारं पाऊल उचललं: बिंदू दुप्पट करा, ते जवळ येऊ द्या, पण कोणता बिंदू कोणानंतर येऊ शकतो यावर बंधनं घाला. बँडविड्थ वाढली नाही आणि काही डेसिबलचा फायदा झाला. टेलिफोनच्या तारेवर सेकंदाला ९६०० बिट नेणाऱ्या व्ही-३२ मोडेममध्ये ३२ बिंदू होते ते याच कारणाने. सिम्बॉल-वेग २४००, चार बिट माहितीचे आणि पाचवा या बंधनासाठी.

ओएफडीएमबद्दल थोडक्यात. ती क्वामची प्रतिस्पर्धी नाही. ती रुंद पट्ट्याचे शेकडो अरुंद तुकडे करते, आणि प्रत्येकात क्वामच असतं. फायदा ओळखणाऱ्याचा: परावर्तनांनी केलेली गुंतागुंत प्रत्येक तुकड्यात एका भागाकारावर येते, व्हिटर्बीच्या ४०९६ स्थिती लागत नाहीत. खर्च ॲम्प्लिफायरचा, कारण शेकडो लाटा एखाद्या क्षणी एकत्र उसळतात.

आणि नायक्विस्टची मर्यादा? १९७५ मध्ये जेम्स माझो यांनी दाखवलं की दोनच पातळ्यांचे सिम्बॉल त्या मर्यादेपेक्षा सुमारे २५ टक्के भराभर पाठवले, तरी दोन वेगळ्या रांगांमधलं सगळ्यांत कमी अंतर तसूभरही घटत नाही. सिम्बॉल एकमेकांत मिसळतात, आलेखावर धुक्यासारखा ठिपक्यांचा ढग दिसतो, पण अख्ख्या रांगा तेवढ्याच वेगळ्या राहतात. अट एकच: एका सिम्बॉलच्या आदर्श लाटेची, म्हणजे पल्सची, शेपटी लांबच लांब असते, त्यामुळे सरमिसळ तीन-चार सिम्बॉलांवर थांबत नाही आणि रिसीव्हरला धरायच्या स्थिती प्रत्येक जास्तीच्या सिम्बॉलमागे दुप्पट होत जातात.